वर्षाला किती पुस्तके?

नववर्षाच्या आरंभी वाचनाचा संकल्प सोडण्याची प्रथा आता आपल्याकडेही बरीच रुजली आहे. कुणी वर्षाला चोवीस पुस्तकांचा नेम करतो, कुणी पन्नासांचा. अधिक उत्साही मंडळी आठवड्याला दोन या हिशेबाने शंभरी ओलांडतात. 'गुडरीड्स' या संकेतस्थळाने २०११ पासून असा वार्षिक आकडा जाहीर करून तो गाठण्याचे आव्हानच वाचकांपुढे ठेवले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. आपले शासनही या बाबतीत मागे नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. आणि २०२५ च्या जानेवारीत, १ ते १५ या तारखांना, उच्च व तंत्रशिक्षण विभागाने 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम राबवला. ग्रंथालयाची स्वच्छता, सामूहिक वाचन, वाचनकौशल्याची कार्यशाळा, लेखकांशी संवाद, पुस्तक परीक्षण व कथनाची स्पर्धा असे त्या पंधरवड्याचे स्वरूप होते. हेतूविषयी वाद नाही. परंतु शासकीय उपक्रम म्हटला की अहवाल आला, अहवालात रकाने आले आणि रकान्यात आकडे. किती विद्यार्थी, किती पुस्तके, किती छायाचित्रे. पुस्तक वाचून त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, याला रकाना नसतो.

प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकतो. वाचनाचे वार्षिक उद्दिष्ट असावे, विशेषतः साहित्य शिकवणाऱ्याला तर ते असलेच पाहिजे. मात्र पुस्तकांची संख्या हे त्या उद्दिष्टाचे माप होऊ शकत नाही. आणि हे माप एकदा पत्करले की संकल्पच वाचनाच्या मुळावर येतो.

साहित्याच्या अध्यापकाला असे उद्दिष्ट का हवे, हे सांगायला फार दूर जायला नको. एम.ए.च्या दोन वर्षांत आणि त्यानंतर नेट-सेटच्या तयारीत झालेले वाचन ही आपल्यापैकी अनेकांची आयुष्यभराची शिदोरी ठरते. नेमणूक झाली की वाचन अभ्यासक्रमापुरते उरते. अभ्यासक्रम तीन-चार वर्षांनी बदलतो, तेव्हा नवी पाच-सहा पुस्तके हातात पडतात. मध्यल्या काळात टिपणे असतात. टिपणे जुनी झाली की कागद पिवळा पडतो, पण विधाने तशीच ताजी वाटत राहतात, हा त्यांचा मोठा धोका. समोर बसलेल्या मुलाला ही गोष्ट अध्यापकाच्या आधी कळते. तो काही बोलत नाही, बाजारातला प्रश्नसंच विकत घेतो. त्याच्या दृष्टीने दोहोंत फरक एवढाच, की प्रश्नसंच मुद्द्याचे बोलतो आणि घंटा होण्याची वाट पाहत नाही.

व्यवस्थेनेही वाचनाला कधी मान दिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुणांकन लावले. शोधनिबंधाला गुण, चर्चासत्रातील सहभागाला गुण, पुस्तकातील प्रकरणाला गुण. २०१८ च्या नियमावलीत हे कोष्टक बदलले, तरी वृत्ती तीच राहिली. निव्वळ वाचनाला स्वतंत्र गुण कुठेच नव्हते, आणि ते असावेत असेही मी म्हणणार नाही. ते असते तर वाचनाचीही प्रमाणपत्रे निघाली असती. झाले असे, की लिहिण्याची सक्ती झाली आणि वाचण्याची उरली नाही. ज्याने विषयावरची चार पुस्तके वाचली नाहीत त्याच्या नावावर चार निबंध जमा झाले. हे निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने 'केअर' यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. या सर्व धामधुमीत आपल्या सहकाऱ्यांपैकी कुणी कुणाला 'सध्या काय वाचता आहात?' असे विचारल्याचे क्वचितच ऐकू आले. विचारतात ते 'पेपर कुठे पाठवला?' असे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांची गोष्ट तर वेगळीच. दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत तास घेऊन रात्री घरी परतणाऱ्या माणसाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सांगणे ही चेष्टा होईल.

म्हणून माप कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा.

आपल्या भागात वाचनाचे उद्दिष्ट ठरवण्याची रीत काही संकेतस्थळांनी आणलेली नाही. ती पारायणाच्या रूपाने पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. शेगाव आमच्याच जिल्ह्यात. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय तीन दिवसांत, किंवा एका बैठकीत, किंवा नेमाने दररोज एक असे वाचणारी माणसे देऊळगाव राजातही घरोघर सापडतील. गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत वाचून होतात. संकल्प, मुदत, रोजचा ठरलेला भाग, समाप्ती, सगळे आहे. आजच्या वाचनसंकल्पाशी ताडून पाहिले तर पारायणात एक मोठाच फरक दिसतो. पारायण करणारा तोच ग्रंथ पुन्हा वाचतो. दहाव्या वेळी वाचताना त्याला तो नवव्या वेळेपेक्षा कमी लाभाचा वाटत नाही. उलट आजचा आकड्याचा वाचक एकदा वाचलेले पुस्तक पुन्हा हातात घेत नाही. कारण ते पुन्हा मोजता येत नाही. साहित्याच्या अध्यापकाचे तर अर्धे आयुष्य पुनर्वाचनात जायला हवे! 'कोसला' विसाव्या वर्षी वाचणे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी वाचणे या दोन भिन्न घटना आहेत. विसाव्या वर्षी आपण पांडुरंग सांगवीकराच्या बाजूने असतो; पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या वडिलांचे हिशेबही दिसू लागतात. कोष्टकात मात्र हे पुस्तक एकदाच भरणार.

पारायणाची बाजू मी फार ताणू इच्छित नाही. श्रद्धेचे वाचन आणि चिकित्सेचे वाचन एक नव्हे. वेगाने ओव्या म्हणत जाणाऱ्याचे लक्ष अर्थावर असेलच असे नाही, आणि त्याचा तसा दावाही नसतो. परंतु हे दोन्ही एकाच परंपरेत शक्य होते, हे विसरू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतराने आणि नकलांनी तीनशे वर्षांत ग्रंथात शिरलेले अपपाठ बाजूला काढायचे तर शब्दाशब्दापाशी थांबावे लागते, दोन पाठ समोरासमोर ठेवून निवड करावी लागते. भक्ताला आपल्याच पूज्य ग्रंथावर संशय घ्यावा लागतो, असेही म्हणता येईल. पुढे वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेली ज्ञानेश्वरीची प्रत छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले. राजवाड्यांच्या प्रतीविषयी आणि निष्कर्षांविषयी अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले, ते योग्यच. प्रश्न एवढाच, की या दोघांच्या वाचनाचा वार्षिक आकडा किती भरला असता? एक?

आता आमच्या जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घेतो. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापून प्रसिद्ध झाले. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तेथल्या सरकारी कचेरीत नोकरीस आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित. मुलींची शाळा दुर्मीळ असलेल्या त्या काळात लेकीचे शिक्षण घरीच झाले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर शिंतोडे उडवले गेले, आणि त्याच्या संतापातून हे पुस्तक लिहिले गेले. पुस्तकाची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे: महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली, नंतर ते विस्मरणात गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. ते अभ्यासक्रमांत लागते तेव्हा आपण त्यातील स्त्रीवादी विचारावर प्रश्न काढतो. त्यातील वाचकाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

ताराबाईंनी किती पुस्तके वाचली असतील? बुलढाण्यासारख्या वऱ्हाडातल्या आडबाजूच्या ठाण्यात, छापील मराठी पुस्तके मुळातच मोजकी असताना, त्या फार नसणार. पण 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या वेळच्या लोकप्रिय कादंबऱ्या त्यांनी वाचल्या होत्या आणि त्यांचे लेखक स्त्री कशी रंगवतात याचा त्यांनी जाब विचारला. पुराणांतल्या कथा त्यांनी वाचल्या आणि त्यांतले देव व ऋषी स्वतः कसे वागले, हे नाव घेऊन विचारले. जे पुस्तक सारे रंजनासाठी वाचत होते ते त्यांनी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे वाचले. मराठीतील साहित्यसमीक्षेचा इतिहास सांगताना या पानांची दखल घ्यायला हवी असे मला प्रामाणिकपणे वाटते. तो वेगळ्या लेखाचा विषय. येथे सांगायचे ते इतकेच, की थोड्या पुस्तकांवर पोसलेले इतके धारदार वाचन आमच्या जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेले आहे, आणि आज आम्ही विद्यार्थ्यांना 'वर्षाला किमान बारा पुस्तके वाचा' असे सांगून समाधान मानतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ताराबाई अपवाद होत्या. सामान्य वाचकाला आकड्याचा आधार लागतो. आधी संख्या येऊ द्या, मग गुणवत्ता येईल. आकड्याने शिस्त लागते हे मला मान्य आहे. थोडा हिशेबच करू. दररोज वीस पाने वाचली तर वर्षाला ७,३०० पाने होतात. अडीचशे पानांचे एक पुस्तक धरले तर एकोणतीस पुस्तके. वीस पानांना पाऊण तास पुरतो. म्हणजे ज्याला पन्नास अशक्य वाटतात त्याला एकोणतीस सहज शक्य आहेत. आकडा येथवर उपयोगी आहे. अडचण यापुढे सुरू होते. आकडा पुढे रेटायचा म्हणून माणूस बारीक पुस्तके निवडू लागतो, कठीण पुस्तक अर्ध्यावर टाकतो, तीन खंडांचे पुस्तक पुढल्या वर्षावर ढकलतो. 'लीळाचरित्र' वाचायला बसलेला माणूस महिनाभर एकाच पुस्तकात असतो आणि कोष्टक त्याला मागासलेला ठरवते. आणखी एक: आधी संख्या, मग गुणवत्ता हा क्रम विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला फारसा खरा ठरलेला दिसत नाही. भराभर वाचण्याची सवय लागलेला मुलगा पुढेही भराभरच वाचतो.

मग मोजायचे काय? माझ्या मते पुस्तकांऐवजी दिवस मोजावेत. वर्षातले किती दिवस आपण अभ्यासक्रमाबाहेरचे काही वाचले, याची नोंद ठेवावी. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांहून थोड्या अधिक. दररोज पंचवीस ओव्या अर्थासह, टीपांसह, एखादा शब्द कोशात पाहून वाचल्या तर बरोबर वर्षात ग्रंथ पुरा होतो. एम.ए. मराठीच्या किती पदवीधरांनी ज्ञानेश्वरी आरंभापासून अखेरपर्यंत अशी वाचली आहे, हा प्रश्न मी येथेच सोडून देतो. नेमलेला एक अध्याय म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे, एवढे मात्र नोंदवतो.

दुसरे म्हणजे वहीत नोंद करावी. सतीश काळसेकर यांचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे पुस्तक या दृष्टीने प्रत्येक अध्यापकाने जवळ ठेवावे असे आहे. काळसेकर कवी, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले एक प्रमुख कार्यकर्ते, आणि पोटापाण्यासाठी बँकेत नोकरी करणारे. मराठीचे प्राध्यापक नव्हेत, ही गोष्ट आपण जरा मनावर घ्यावी. 'आपले वाङ्मय वृत्त'मधून त्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेले हे स्फुट लेखन २०१० मध्ये लोकवाङ्मय गृहाने पुस्तकरूपाने आणले आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये काळसेकर गेले. या रोजनिशीत पुस्तके आहेत तशीच पुस्तके विकणारी, छापणारी, देणारी-घेणारी माणसेही आहेत. एका पुस्तकावरून दुसऱ्याकडे, कवितेवरून माणसाकडे असा तो प्रवास चालतो. वर्षाअखेर बेरीज काढण्याची घाई त्यात नाही. आकड्यांची वही आणि रोजनिशी यांतला भेद यापेक्षा चांगला कुठे दिसेल असे वाटत नाही. आकड्यांच्या वहीत पुस्तक संपल्यावर नोंद होते; रोजनिशीत पुस्तक चालू असताना होते. मधल्या पानावर काय अडले, कोणते वाक्य पटले नाही, कुठे झोप आली, हे तिच्यात येते. झोप कुठे आली याची नोंद मी गंभीरपणे सुचवत आहे. समीक्षेची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.

तिसरी गोष्ट आम्हा खेडेगावच्या आणि तालुक्याच्या गावच्या अध्यापकांपुरती. वार्षिक यादीत आपल्या परिसराला जागा असावी. आमच्या तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते. चोखोबांचे दोन-तीन अभंग सर्वांनाच पाठ असतात. पण चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचे अभंग शेजारी शेजारी ठेवून वाचले तर विठ्ठलाशी बोलण्याच्या पाच तऱ्हा दिसतात. कर्ममेळ्याचा देवाशी असलेला करडा सवाल आणि बापाचा आर्जवी सूर एकाच घरातले, हे वर्गात सांगून पाहावे. लोणार आणि मेहकर ही 'लीळाचरित्रा'तली गावे आमच्या मुलांना एसटीच्या पाट्यांवरून माहीत असतात. ती मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथात आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. तिच्यातली वऱ्हाडी कौतिकच्या तोंडून ऐकताना आमच्या विद्यार्थ्याला तळटीप लागत नाही, ही त्याची मिळकत आहे. तिचा आम्ही उपयोग करीत नाही.

आणि सदानंद देशमुख तर आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचे. 'बारोमास' २००२ मध्ये आली, २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची, एकनाथ तनपुऱ्याची ती गोष्ट. आमच्या वर्गातली निम्मी मुले कापूस-सोयाबीनच्या घरातली. त्यांना ही कादंबरी 'ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये' या शीर्षकाखाली सात मुद्द्यांत शिकवली जाते, तेव्हा आपण त्यांच्या हातून काय काढून घेतो याचा विचार व्हायला हवा. मुद्दे पाठ करून परीक्षेत गुण मिळतात. पण बापाचे कर्ज, भावाची चिडचिड, शहराकडे डोळे लावून बसलेली सून हे सारे ज्याने घरात पाहिले आहे त्याला ती पाने मुळातून वाचू दिली, तर तो जे म्हणेल ते कोणत्याही प्रश्नसंचात नसेल. तो कदाचित म्हणेल की हे असे नसते. म्हणू द्यावे. ताराबाईंनीही दुसरे काय केले होते?

व्यावसायिक उन्नती हा शब्द मी मुद्दाम उशिरा आणतो आहे, कारण तो आला की पदोन्नतीचे अर्ज डोळ्यांसमोर येतात. अध्यापकाची व्यावसायिक उन्नती म्हणजे त्याचा पुढच्या वर्षीचा तास या वर्षीच्या तासासारखा नसणे, एवढीच व्याख्या मला पुरेशी वाटते. त्यासाठी वर्षाकाठी एक पुस्तक असे असावे जे आपल्या शिकवण्याच्या विरोधात जाते. जो आयुष्यभर मर्ढेकर शिकवतो त्याने एक वर्ष शाहिरी वाङ्मयात घालवावे. जो दलित आत्मकथनांवर अधिकारवाणीने बोलतो त्याने बखरी वाचाव्यात, आणि बखरींच्या अभ्यासकाने बाबुराव बागूल. साहित्याबाहेरचेही काही हवे: शेतीचा इतिहास, भाषाविज्ञान, न्यायालयाचा एखादा निकाल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यावर आपण ठिकठिकाणी व्याख्याने दिली. ज्या 'गाथासप्तशती'चा दाखला त्या व्याख्यानांतून दिला गेला ती सार्थ आवृत्ती हाती घेऊन त्यातल्या शंभर गाथा वाचणे हासुद्धा वर्षाचा पुरेसा संकल्प होईल.

राहता राहिला पुस्तके मिळण्याचा प्रश्न. तालुक्याच्या गावात चांगले पुस्तकाचे दुकान नसते, मागवलेले पुस्तक आठवड्याने येते, आणि किमती वाढल्या आहेत, हे सर्व खरे. पण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभे राहिलेले ग्रंथालयांचे जाळे अजून मोडलेले नाही. त्यांची वर्गणी आजही एखाद्या पुस्तकाच्या किमतीहून कमी आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तर अशी पुस्तके असतात ज्यांच्या शेवटच्या पानावरच्या कागदावर तारखेचा एकही शिक्का नाही. अध्यापकाने आपल्या यादीतली निदान दोन पुस्तके त्यांतून निवडावीत. शिक्का पडलेला दिसला की पुढचा विद्यार्थी ते पुस्तक उघडून पाहतो, असा माझा अनुभव आहे. शिक्का कुणाच्या नावावर पडला, हेही तो ग्रंथपालाला विचारतो.